हौद्यात मी, खाली जाऊबाई

सकाळी साडेसातला पिकअप गल्लीतून बाहेर पडली की कोपऱ्यावरचा न्हावी आपलं दुकान उघडायचा. त्याला घड्याळ लागत नसे. स्टिअरिंगवर धाकटी जाऊ, डाव्या खिडकीशी थोरली, आणि मागच्या हौद्यात पट्ट्यांनी जखडलेलं काहीतरी अवजड. कधी जनरेटर, कधी फरशी घासायचं मशीन, कधी माती दाबायचं. बांधकामाला लागणारी यंत्रं भाड्यानं पोचवायची आणि काम झालं की परत आणायची, हा त्यांचा धंदा. अकरा वर्षं दोघींनी मिळून तो केला. ही गोष्ट खरं तर धाकटीची, पण थोरलीला बाजूला ठेवून ती सांगता येत नाही.

धंदा मुळात दोघा भावांचा होता. थोरला भाऊ तापाचं निमित्त होऊन आठ दिवसांत गेला. वर्षभरात धाकट्या भावाच्या पाठीतली चकती सरकली आणि डॉक्टरांनी बजावलं की पाण्यानं भरलेली बादलीसुद्धा उचलायची नाही. यंत्रं शेडमध्ये उभी, गाडी दारात उभी, आणि घरात दोन बायका, ज्या दोन वर्षं एकमेकींशी धड बोलत नव्हत्या. जावा-जावा आणि उभा दावा, ही म्हण जणू त्यांच्याकडे बघूनच कुणीतरी केली असावी. भांडण कपाटाच्या चावीवरून सुरू झालं होतं एवढंच दोघींना आठवत होतं. चावी केव्हाच सापडली होती.

मग एक दिवस एका गवंड्याचा निरोप आला, वेल्डिंगचं मशीन आजच हवंय. धाकटीला गाडी येत होती, पण मशीनला दोन बाजूंना दोन कड्या होत्या. थोरली शेडमध्ये आली, एका कडीला हात घातला आणि दोन वर्षांतला पहिला शब्द बोलली.

"उचल."

"उचलते," धाकटी म्हणाली, "पण आधी तुमचा पाय मागे घ्या. तुटला तर माझ्या नावानं खडे फोडाल."

थोरलीला हसू आलं. हसल्यावर हात सैल पडतो, म्हणून मशीन पुन्हा खाली ठेवावं लागलं. भांडण तिथंच राहिलं.

थोरली शिडीसारखी उंच, धाकटी ठेंगणी पण अंगानं भक्कम. त्यामुळं उतरवताना जागा आपोआप ठरल्या. हौद्यात धाकटी, खाली थोरली. हौद्याचा मागचा फाळका पाडायचा, दोन जाड फळ्या लावायच्या, आणि धाकटी वरून दोर सैल सोडत जायची. थोरली फळीच्या बाजूला उभी राहून वीतभर मशीन सरकलं की चाकाखाली लाकडी पाचर सारायची. समोर मात्र कधी उभी राहायची नाही. "मशीनला आपली ओळख नसते," ती म्हणायची, "ते अंगावर येताना जाऊबाई म्हणून थांबत नाही." आणि गाडी कुठंही लागली तरी आधी खाली उतरून, रिकाम्या हातानं, गाडीपासून मशीन ठेवायच्या जागेपर्यंत एकदा चालून यायची. वाटेत खड्डा, ओल, वायर, उंबरा काय आहे ते बघायची. धाकटी स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसे. "झाली का तुमची वरात?" असं ओरडे. थोरलीची चाल काही वाढत नसे.

यंत्रांना त्यांनी घरातलीच नाती दिली होती. जनरेटर म्हणजे मामंजी, कारण दहा विनवण्या केल्याशिवाय उठायचा नाही आणि उठला की सगळ्यांचा आवाज बंद. सिमेंट कालवायचं मशीन म्हणजे आत्याबाई, पोटात सतत काहीतरी घोळत असलेली. माती दाबायचं मशीन जागच्या जागी थयथयाट करायचं म्हणून त्याला धाकटी जाऊ म्हणायचं असं थोरलीनं ठरवलं होतं. त्यावर धाकटी तासभर रुसली होती.

अशी अकरा वर्षं गेली. मग फरशीवाला आला.

फरशीवाला दुसऱ्या गावचा, सहा तासांच्या अंतरावरचा. इकडं एका मोठ्या इमारतीच्या फरशांचं काम घेऊन आला होता. पन्नाशी ओलांडलेला, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, बोलणं मोजकं. त्यानं फरशी घासायचं मशीन चार दिवसांसाठी नेलं. चाराचे आठ झाले, आठाचे वीस. दर खेपेला दोघीच मशीन घेऊन जायच्या, दोघीच आणायच्या. एकदा परत आलेलं मशीन धाकटीनं शेडमध्ये आडवं करून बघितलं तर खालचे घासायचे दगड कोरे करकरीत. पुढच्या खेपेला तिनं त्याला सगळ्यांसमोर विचारलं.

"काय हो, फरशी घासता की मशीनची पूजा करता?"

तो कानापर्यंत लाल झाला. थोरली त्या वेळी पाचरी गोळा करत होती. खाली वाकलेली ती बराच वेळ वर उठलीच नाही. धाकटीनं दोघांकडे एकेकदा बघितलं आणि तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

गाडीत तिनं लग्नाचा विषय काढला. थोरली खिडकीबाहेर बघत राहिली.

"चोपन्न वर्षांची आहे मी."

"मग? गाडीसुद्धा जुनीच आहे, चालतेय की."

"लोक काय म्हणतील?"

"लोक मशीन उतरवायला येतात का आपल्याबरोबर?"

बऱ्याच वेळानं थोरली म्हणाली, "काम संपलं की तो आपल्या गावी जाणार. मी गेले तर खाली कोण उभं राहील?"

"माणसांची काय वानवा आहे?" धाकटी म्हणाली. "एक जाऊ गेली तर छप्पन्न हमाल मिळतात."

पुढं कितीतरी दिवस हे वाक्य तिला आठवायचं आणि जीभ चावावीशी वाटायची. पण त्या वेळी ती मनापासून बोलली होती. थोरलीनं अकरा वर्षं दुसऱ्यांच्या घरांत यंत्रं पोचवली होती. तिच्यासाठी कुणीतरी कारण काढून मशीन भाड्यानं नेतं, या गोष्टीचा धाकटीला थोरलीपेक्षा जास्त आनंद झाला होता. सरकारी कचेरीत लग्न लागलं. साक्षीदार म्हणून धाकटीनं सही केली आणि सही करताना पेन इतकं दाबलं की कागद फाटता फाटता राहिला. महिनाभरात इमारतीचं काम संपलं. फरशीवाला आणि थोरली त्याच्या गावी निघून गेली.

पहिला आठवडा धाकटीला काही जाणवलं नाही, कारण सवय जात नव्हती. गल्लीच्या तोंडाशी, जिथं डावीकडून येणारी वाहनं भिंतीआड दिसत नाहीत, तिथं थोरली खिडकीतून डोकं काढून बघायची आणि म्हणायची, "ये." धाकटी आता तिथं गाडी थांबवायची आणि वाट बघत बसायची. मागून कुणी हॉर्न दिला की तिच्या लक्षात यायचं. मग स्वतःच डाव्या बाजूला आडवं होऊन, मान लांबवून बघायचं आणि निघायचं.

हमाल मिळाले. पहिल्याचा फोन सारखा वाजायचा आणि तो एका हातानं मशीन धरायचा. दुसरा चांगला धिप्पाड होता, पण जड लागलं की न सांगता सोडून द्यायचा. त्यानं एकदा असंच सोडलं आणि मामंजी फळीवरून कोपऱ्यावर आपटले. खाली उतरलेल्या धाकटीच्या पायापासून जेमतेम वीतभर. तो म्हणाला, "लागलं नाही ना? मग झालं तर." धाकटीनं त्याच्यावर ओरडून त्याला तिथल्या तिथं घरी पाठवलं आणि हौद्याच्या कडेला पाय सोडून बसून राहिली. अकरा वर्षांत थोरलीनं न सांगता एकदाही हात काढला नव्हता. काढण्याआधी ती "सोडते" म्हणायची आणि धाकटीचं "हं" ऐकूनच सोडायची. एवढी साधी गोष्ट, ती जगात इतकी दुर्मिळ असेल हे धाकटीला ठाऊक नव्हतं.

घरी येऊन ती नवऱ्याला म्हणाली, "मी एकटीच उतरवणार."

"वेडी झालीस का? पावणेदोनशे किलो आहे तो जनरेटर."

"उचलायचं कुठं आहे? नुसतं खाली आणायचंय. डोकं चालवा तुम्ही, पाठ नाही."

नवऱ्यानं डोकं चालवलं. चालकाच्या केबिनमागच्या जाळीला त्यानं खालून लोखंडी पट्टी जोडली आणि तिच्यावर दोर गुंडाळणारी, हातानं फिरवायची विंच बसवली, हँडल सोडलं तरी जागच्या जागी धरून ठेवणारी. फळ्यांच्या दोन्ही कडांना लोखंडी अँगल ठोकले, म्हणजे चाकं बाहेर जाऊ नयेत. सरावासाठी पाण्यानं भरलेलं पिंप एका जुन्या गाड्यावर बांधून घेतलं. पहिल्याच दिवशी फळीचं वरचं टोक गाडीपासून निसटलं आणि पिंप गाड्यासकट अंगण पार करून भिंतीला जाऊन भिडलं. भिंतीवरचं शेजारणीचं मांजर त्यानंतर पंधरा दिवस फिरकलं नाही. मग फळ्यांना आकडे लावले आणि आकड्यांवरून साखळी गाडीला बांधायची ठरलं. धाकटी हळूहळू शिकत गेली. उतार जितका कमी तितकं बरं, म्हणून जिथं ओटा किंवा चढ असेल तिथं गाडी मागे लावायची. मशीनची जड बाजू गाडीकडे ठेवायची. हँडब्रेक ओढायचा, गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि तरीही चाकांना पाचरी लावायच्या. आणि सगळ्यात मुख्य, आपण कायम ओझ्याच्या वरच्या अंगाला राहायचं. काहीही झालं तरी खाली जायचं नाही.

थोरलीचा फोन दर रविवारी यायचा. दुसऱ्या हमालाला घालवलं त्या रविवारी तिनं विचारलं, "माणूस मिळाला का?"

धाकटीच्या तोंडून निघून गेलं, "मिळाला."

"कसा आहे?"

"बरा आहे. गप्प असतो."

खोटं एकदा बोललं की त्याला खायला-प्यायला घालावं लागतं. पुढच्या रविवारी थोरलीनं विचारलं, वेळेवर येतो का. धाकटी म्हणाली, माझ्याबरोबरच येतो. त्याच्या पुढच्या रविवारी, चहा देतेस की नाही त्याला? धाकटी म्हणाली, देते, पण साखर घेत नाही. थोरली त्या माणसासाठी निरोप द्यायची. "त्याला म्हणावं, फळी ओली असली तर आधी वाळू टाक." धाकटी म्हणायची, "सांगते," आणि सोमवारी खरंच वाळूची पिशवी गाडीत टाकायची. फोन ठेवल्यावर नवरा तिच्याकडे बघायचा.

"वहिनीला खरं का सांगत नाहीस?"

"खरं सांगितलं तर पिशवी भरून निघेल ती. संसार मांडून चार महिने झालेत तिचे."

"मग येऊ दे की."

"तुम्ही गप्प बसा," धाकटी म्हणायची. तिनं येऊ नये म्हणून ती खोटं बोलत होती, आणि दर रविवारी फोन ठेवताना तिला आशा असायची की थोरली म्हणेल, ते राहू दे, मी येतेच.

असे सात महिने गेले. एकदा पहाटे सहाला फोन वाजला. शहराबाहेर कोंबडीची पिल्लं उबवायचं एक केंद्र होतं, तिथली मालकीण बोलत होती. वीज गेलेली, त्यांचा स्वतःचा जनरेटर सुरू होईना, आणि आत हजारो अंडी उबेत. "माझी माणसं आठला येतात," ती म्हणाली. "तोवर सगळं गार होईल हो."

साडेसहाला धाकटी मामंजींना घेऊन तिथं पोचली. मालकीण दारात उभी होती, साठीची बाई, उजवा हात प्लास्टरमध्ये गळ्यात अडकवलेला. तिच्याकडून मदतीची आशा नव्हतीच. धाकटीनं गाडी मागे घेऊन दाराच्या डाव्या अंगाला लावली, खिडकीतून जमीन बघितली, सपाट वाटली. घाईत खाली उतरून चालून बघितलं नाही. फळ्या लावल्या, साखळ्या बांधल्या, पाचरी ठोकल्या, विंचचा दोर अडकवला, पट्टे सोडले. हौद्यात उभी राहून हँडल उलटं फिरवायला लागली. मामंजी निमूटपणे फळीवर उतरले.

एकतृतीयांश गेले असतील नसतील, तोच डावी फळी खचली. तिथं जमिनीखाली पाण्याचा पाइप गळत होता आणि वरून कोरडी दिसणारी माती आत लोण्यासारखी झालेली. फळीचं खालचं टोक हातभर आत गेलं. जनरेटर डावीकडे कलला, एक चाक हवेत आलं आणि दोर तारेसारखा ताणला गेला.

"जाऊबाई, पाचर!" धाकटी ओरडली.

खाली कुणीच नव्हतं. ती वाट बघत राहिली. दोन श्वास, फार तर तीन. पण तिनं खरोखर वाट बघितली, चाकाखाली लाकूड सरकल्याचा तो ओळखीचा आवाज येईल म्हणून. मग आवाज आला तो मालकिणीचा.

"काय हवंय? मी देऊ का?" असं म्हणत ती बाई थेट फळीच्या समोर आली.

"मागे व्हा! तिथं उभ्या राहू नका, दारात जा!"

बाई दचकून मागे झाली. धाकटीचं अंग स्वतःच खाली उडी मारायला निघालं होतं, कलत्या जनरेटरला खांदा द्यायला. तिनं एका हातानं हौद्याची कड घट्ट धरली, स्वतःलाच धरून ठेवावं तशी. विंच धरून होती. घाई मशीनला नव्हती, तिला होती. ती हौद्याच्या काठावर पालथी पडली, हात लांबवून जनरेटरच्या उजव्या कडीत एक पट्टा ओवला आणि तो हौद्याच्या उजव्या हुकाला करकचून आवळला. आता तो डावीकडे कोसळणार नव्हता. मग उठली आणि हँडल सुलटं फिरवायला लागली. दोन फेरे, पट्टा आवळणं. पुन्हा दोन फेरे, पुन्हा पट्टा. मामंजी कुरकुरत वर येत गेले, येता येता सरळ होत गेले, आणि शेवटी हौद्यात जागेवर बसले. धाकटीनं त्यांना चारही बाजूंनी बांधलं.

मग ती खाली उतरली आणि रिकाम्या हातानं चालत गेली. दाराच्या उजवीकडे सिमेंटचा ओटा होता, गाडीच्या फाळक्यापेक्षा थोडाच खाली. तिनं त्यावर पाय आपटून बघितला. दारापर्यंत गेली, उंबरा बघितला, परत आली. घड्याळात सात वाजायला आले होते, तरी ती सावकाश चालली. मग धाकटीनं फळ्या काढल्या, गाडी ओट्याला लावली आणि सगळं पहिल्यापासून केलं. या वेळी पाच मिनिटांत मामंजी ओट्यावर होते. तारा जोडल्या. आठव्या झटक्याला ते उठले आणि आत दिवे लागले.

मालकिणीनं डाव्या हातानं चहा ओतला. थोडा बशीत, थोडा टेबलावर. आतून पंख्यांची घरघर येत होती.

"जाऊबाई कोण?" तिनं विचारलं. "मघाशी हाक मारलीत ती."

"माझी जाऊ. आम्ही दोघी मिळून करायचो हे काम."

"मग? भांडण झालं?"

"नाही हो. लग्न झालं."

"कुणाचं?"

"जावेचं. मीच लावून दिलं," धाकटी म्हणाली, आणि इतकं बोलून तिला एकदम रडू कोसळलं. चहाचा कप हातातच होता. मालकिणीनं तो काढून घेतला. थोड्या वेळानं तिनं खोक्यातून त्याच सकाळी फुटलेल्या अंड्यातलं एक पिल्लू आणलं आणि धाकटीच्या ओंजळीत ठेवलं. दुसरं काय करावं हे तिला सुचलं नसावं. पिल्लाचं वजन लागतच नव्हतं. धाकटीला ते कसं धरावं हे कळेना. तिच्या हातांना असल्या गोष्टींची सवय नव्हती.

त्या दिवशी रविवार नव्हता. तरी गाडीत बसल्याबसल्या तिनं थोरलीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. खचलेली फळी, पट्टा, ओटा, आणि हौद्यातून मारलेली हाक.

"आणि तो माणूस कुठं होता?" थोरलीनं विचारलं.

"तसा माणूस नव्हताच कधी."

"ते माहितेय मला. पहिल्या महिन्यातच कळलं. बिनसाखरेचा चहा पिणारा हमाल मी तरी आजवर बघितला नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर यावं लागलं असतं," थोरली म्हणाली. "आणि आले असते तर परत गेले नसते. इथं हे माणूस चांगलं आहे गं. सकाळी उठून माझ्याआधी पाणी तापवतं. फरशी अशी घासून ठेवलीय की तोंड दिसतं. मला काही कमी नाही. पण दुपारी हातांना काही सुचत नाही. परवा शेजारी कपाट हलवत होते, तर मी न बोलावता गेले आणि एक बाजू धरली. ती पोरं बघायला लागली. मी म्हणाले, उचला. त्यांनी हं न म्हणताच उचललं. मला इतकं चुकल्यासारखं झालं."

मग थोरली म्हणाली, "चालून बघितलं नव्हतंस ना आधी?"

"नाही."

"वाटलंच."

पुढच्या महिन्यात फरशीवाल्याला बाहेरगावी काम लागलं तेव्हा थोरली आठ दिवसांसाठी आली. धाकटीनं आदल्या दिवशी गाडी धुतली, डाव्या सीटवरची अवजारांची पेटी काढून मागे टाकली. नवऱ्यानं वहिनीला विंच दाखवली, फळ्या दाखवल्या, पिंपानं मांजर कसं पळवलं तेही सांगितलं. थोरलीनं प्रत्येक गोष्टीला हात लावून बघितला. दुसऱ्या दिवशी एका दुकानात फरशी घासायचं मशीन पोचवायचं होतं. दोघी साडेसातला निघाल्या. न्हाव्यानं दुकानातून हात केला.

तिथं पोचल्यावर थोरली पाचर घेऊन खाली उभी राहिली, धाकटी हौद्यात विंचपाशी. इतके महिने धाकटीनं हेच चित्र डोळ्यांपुढं आणलं होतं. ती हँडल फिरवायला लागली. थोरली म्हणाली, "थांब," पण धाकटी त्याआधीच थांबलेली होती. धाकटी पुन्हा फिरवायला लागली, तेव्हा थोरलीनं सवयीनं पाचर सारली. आता दोर धरून होता, पाचरीची गरजच नव्हती. चाक पाचरीवर चढलं, मशीनला हिसका बसला, दोर करकरला.

"हात काढा!" धाकटी ओरडली. त्या धिप्पाड हमालावर ओरडली होती त्याच आवाजात.

थोरलीनं हात काढला. पाचर काढून घेतली. ती दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली आणि धाकटीनं उरलेलं काम एकटीनं केलं. चार मिनिटं लागली.

"छान उतरवतेस गं," थोरली म्हणाली.

हे शब्द ऐकायला धाकटी किती दिवस आसुसली होती. आता ते आले तर तिला वाटलं, थोरलीनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी दोघी अंगणात भाजी निवडत बसल्या. थोरलीनं एक जुडी संपवली, दुसरी घेतली.

"मला वाटलं होतं, मी आले की सगळं होतं तसं होईल."

"मलाही तसंच वाटलं."

"मी गेले म्हणून राग आहे का तुझ्या मनात?"

"राग असता तर सोपं गेलं असतं," धाकटी म्हणाली. "दोन वर्षं न बोलता काढायचा सराव आहे आपल्याला. मला तुम्ही तिथं सुखात असायला हव्यात आणि इथंही असायला हव्यात. आता याला काय करायचं ते तुम्हीच सांगा."

निवडलेली भाजी थोरलीनं धाकटीच्या ताटात सारली आणि तिच्या पुढ्यातली न निवडलेली आपल्याकडे ओढून घेतली.

उरलेले दिवस थोरली रोज गाडीतून गेली, पण उतरवताना खाली उभी राहिली नाही. आधी वाट बघून यायची, "डावीकडे ओल आहे" नाहीतर "जा, ठीक आहे" एवढं सांगायची आणि बाजूला होऊन गिऱ्हाइकाशी बोलत राहायची. धाकटीचं काम त्यानं थोडं हलकं व्हायचं. मान वळवून ती दोनतीनदा तिकडं बघायची, थोरली आहे ना याची खात्री करायला.

आठव्या दिवशी सकाळी धाकटी तिला बसवर सोडायला गेली. गाडी बाहेरच लावावी लागली. थोरलीची बॅग एवढीशी होती, दोन लुगडी आणि धाकटीच्या नवऱ्यानं बांधून दिलेला खाऊ. धाकटीनं ती एका हातानं सहज उचलली असती. थोरलीनं एक पट्टा धरला आणि दुसरा तिच्यापुढं केला.

"चल."

"हं."

मध्ये बॅग धरून दोघी गर्दीतून चालल्या. समोरून येणाऱ्यांना वळसा घालून जावं लागत होतं. एक माणूस वैतागून म्हणाला, "काय बाई, एवढं जड आहे का त्यात?" बसच्या दारापाशी थोरली म्हणाली, "सोडते." धाकटी बराच वेळ हं म्हणाली नाही. मागची माणसं ढकलायला लागली, वाहक ओरडला, तेव्हा म्हणाली.

बस वळणावरून दिसेनाशी झाली. नवऱ्याचा फोन आला, शाळेच्या बांधकामावर अकरा वाजता माती दाबायचं मशीन हवंय, विसरली नाहीस ना? धाकटी म्हणाली, नाही, आणि गाडीकडे वळली.